एम्प्रेस गार्डनला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा द्या

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर
तसेच
मा. जिल्हाधिकारी, पुणे
आणि अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाचे पदाधिकारी

महोदय,

मागणी आधी मांडते, म्हणजे पुढचा तपशील कशासाठी आहे ते लक्षात येईल. पुण्याच्या पूर्व भागात, रेसकोर्सच्या शेजारी असलेली एम्प्रेस गार्डन जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर व्हावी आणि त्यासाठी मंडळाने शासनाकडे प्रस्ताव न्यावा. त्याआधी बागेतल्या प्रत्येक मोठ्या झाडाची आणि महावेलीची नीट नोंद व्हावी. दोन्हीसाठी नवा कायदा करावा लागत नाही. आहे तो कायदा पुरेसा आहे.

मी वानवडीत राहते. अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि मुलांना घेऊन या बागेत जात आले. फळ्यावर परागीभवनाची आकृती काढली की मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण झाडाखाली पडलेले उंबर फोडून आतली फुले आणि इवल्या माश्या दाखवल्या की पुढची पंधरा मिनिटे प्रश्न थांबत नाहीत. उंबराची माशी वडाला का चालत नाही, ती आत शिरली कुठून, बाहेर कशी येणार. वड, पिंपळ, उंबर या प्रत्येक झाडाची स्वतःची वेगळी माशी असते, ती फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि शिरताना बहुधा पंख गमावते, हे मुलांना तिथे उभे राहून जसे कळते तसे वर्गात कळत नाही. शहरातल्या मुलांना असे उभे राहायला जागा किती उरल्या आहेत, हा माझ्या पत्रामागचा खरा प्रश्न आहे.

बागेचा इतिहास आपणास ठाऊक असेलच, तरी थोडक्यात लिहिते. कॅम्पातल्या फौजेसाठी राखलेली ही बाग पूर्वी 'सोल्जर्स गार्डन' म्हणून ओळखली जाई. राणी व्हिक्टोरियाने 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हा किताब घेतला, १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात त्याची घोषणा झाली, आणि त्या किताबावरून बागेला आजचे नाव मिळाले. कारभार पाहणारी संस्था बागेच्या या नावाहूनही जुनी आहे, तिची स्थापना १८३० ची. क्षेत्र सुमारे ३९ एकर.

याच सुमारास खडकवासल्याचे धरण बांधले जात होते. १८६९ च्या आसपास सुरू झालेले काम १८७९ पर्यंत पुरे झाले आणि मुठेचे पाणी उजव्या कालव्याने शहराला वळसा घालून पूर्वेकडे आले. त्याआधी घोरपडी, वानवडी, हडपसर हा सगळा पट्टा उन्हाळ्यात तहानलेला असे. कालवा आला आणि मळे उभे राहिले, बागा वाढल्या. धरणाच्या बांधकामाला साहित्य पुरवणाऱ्या कंत्राटदारांत महात्मा फुले होते, हे पुण्याच्या शाळांत आवर्जून सांगायला हवे. ज्या शेकडो गवंड्यांनी, बिगाऱ्यांनी आणि माळ्यांनी हे पाणी आणि या बागा घडवल्या, त्यांची नावे मात्र कुठल्या फलकावर नाहीत. नोंदींबद्दल पुढे लिहिणार आहे, तेव्हा माळ्यांचा विषय पुन्हा येईल.

पुण्याने बागा गमावल्या कशा, हे नकाशावर नुसते बोट फिरवले तरी दिसते. तुळशीबाग ही सरदार खासगीवाल्यांची बाग होती. पेशवाईत तिथे रामाचे मंदिर झाले आणि आज तिथे भांड्यांपासून बांगड्यांपर्यंतचा बाजार आहे. रमणबागेत शाळा आहे, माणिकबागेत सोसायट्या आहेत. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे खोदवले, मध्ये बेट ठेवले, सवाई माधवरावांच्या काळात १७८४ मध्ये तिथे गणपती बसला. आता तळे नाही, निदान सारसबागेच्या रूपाने हिरवळ राहिली आहे. शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी धावते आहे आणि प्राणिसंग्रहालय कात्रजला गेल्यावरही तिथली मोठी झाडे जागेवर उभी आहेत, याचे मला नेहमी समाधान वाटते. पण पेठांतल्या आणि पेठांबाहेरच्या बाकीच्या बागा गेल्या त्या कोणी एका दिवसात तोडल्या नाहीत. आधी एक कोपरा गेला, मग रस्त्यासाठी एक पट्टी, मग एखादी इमारत. एम्प्रेस गार्डनच्या जमिनीचा काही भाग सरकारी निवासस्थानांसाठी घेण्याचा विषय काही वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा पुणेकरांनी तीव्र विरोध केला. विरोध झाला हे चांगलेच झाले. तरी दर वेळी लोकांनी रस्त्यावर उतरून बाग वाचवायची, हा काही संरक्षणाचा मार्ग नव्हे.

आता झाडांबद्दल, कारण पत्र मुळात त्यांच्यासाठी आहे.

या बागेत पाऊल टाकले की पहिल्यांदा लक्ष जाते ते महावेलींकडे. जमिनीवर सरपटत, मग वळसे घेत वरच्या शेंड्यापर्यंत गेलेल्या, जागोजागी झाडाच्या खोडासारख्या जाड झालेल्या वेली शहरात दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाहीत. सह्याद्रीत गारंबीसारख्या महावेली दाट, जुन्या जंगलात वाढतात. गारंबीची शेंग तर मीटरभर आणि त्याहूनही लांब होते. अशी वेल वाढायला तिच्याआधी वाढलेले मोठे झाड लागते, सावली लागते, आणि कोणी कोयता घेऊन 'झाडाला त्रास होतो' म्हणत ती तोडणार नाही अशी काही दशके लागतात. रोपवाटिकेतून आणून महावेल लावता येत नाही. लावता येते ते तिचे रोप, आणि त्याचे पुढे काय झाले हे लावणारा पाहू शकत नाही. म्हणून माझ्या मते या बागेतली सर्वांत मोलाची गोष्ट झाडांइतकीच या वेली आहेत, आणि कायद्यात त्यांना जवळजवळ स्थानच नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मधली सगळी मोजदाद झाडांची. वेल कापली गेली तर कोणाची परवानगी घ्यायची, कोण विचारणार?

त्या अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले गेले. तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत, सात वर्षे जपायची, अशा अटी आल्या. अटी चांगल्याच आहेत. पण ८० वर्षांच्या वडाच्या बदल्यात ८० रोपे लावली, ती सगळी जगली, तरी त्यातल्या एकातही धनेशाला घरटे करता येईल अशी ढोली पुढची कित्येक दशके होणार नाही. राखी धनेश पुण्यात अजून आहे. मादी ढोलीत बसते, चिखल आणि विष्ठेने तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना वडा-उंबराची फळे आणून भरवतो. यासाठी दोन गोष्टी जवळजवळ हव्यात: ढोली असलेले म्हातारे झाड आणि वर्षभर कुठे ना कुठे फळलेले वडवर्गातले झाड. पिंगळ्यांना, तांबटांना, पोपटांनाही हेच लागते. उद्यानशास्त्राच्या नजरेत ढोली म्हणजे रोग, कुजलेला भाग, धोका. पक्ष्यांच्या नजरेत तीच जागा घर. झाडांची नोंद करताना ढोली ही उणीव म्हणून नव्हे, तर वेगळा रकाना म्हणून लिहिली जावी, असे मला कळकळीने सुचवायचे आहे.

परदेशी झाडांवरून आपल्याकडे सध्या बराच वाद होतो. वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, पिचकारी आफ्रिकेतून आलेली. ही झाडे काढून देशी लावा, असा आग्रह मी सभांतून ऐकते. नवीन लागवडीत देशी झाडेच हवीत, याबद्दल माझे दुमत नाही. करंज, बहावा, ताम्हण, वारस, मुचकुंद, कुसुंब, पाडळ यांना पुण्यात जागा मिळाली पाहिजे. पण दीडशे वर्षांच्या बागेतले जुने परदेशी झाड हा त्या काळाचा दस्तऐवज आहे. ते कोणत्या बंदरातून, कोणत्या पेटीतून, कोणाच्या हौसेपायी इथे पोचले, हा आपल्या शेतीचा आणि बागकामाचाही इतिहास आहे. असे झाड आपल्या मरणाने जाईल तेव्हा त्या जागी देशी झाड लावावे. जिवंत, सशक्त झाड देशी नाही म्हणून तोडणे मला मान्य नाही, आणि मंडळानेही ते मान्य करू नये.

वारसा स्थळाचा दर्जा पुण्यात नवा नाही. गणेशखिंडचे उद्यान १८७३ मध्ये सुरू झालेले, जी. मार्शल वुड्रो यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथे काम केले, आंब्याच्या जुन्या मातृवृक्षांसाठी ते ओळखले जाते, आणि २०२० मध्ये शासनाने ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. जळगावचे लांडोरखोरी उद्यान तर शहराला लागूनच आहे, त्याला हा मान २०१४ मध्येच मिळाला. गडचिरोलीतले आलापल्लीचे वनवैभव त्याच वर्षीचे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये जागा राखली गेली. या यादीत दाट जंगल आहे, मंदिराचे कुंड आहे, शहरी उद्यान आहे, कृषी विद्यापीठाचे प्रक्षेत्र आहे. मग गणेशखिंडच्याच काळातली, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाची बाग या यादीबाहेर का असावी, याचे उत्तर मला सापडत नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक शंका येऊ शकते आणि ती रास्त आहे: दर्जा मिळाला की बागेवर निर्बंध येतील, पुष्पप्रदर्शन भरवता येणार नाही, रोपवाटिका बंद करावी लागेल. तसे नाही. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वारसा स्थळ झाल्याने स्थानिक लोकांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर, त्यांनी स्वतःहून ठरवल्याखेरीज बंधन येत नाही. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे प्रदर्शन, तिथली गुलाबांची आणि शेवंतीची रांग, भाज्यांच्या स्पर्धा, मुलांच्या चित्रकला स्पर्धा हा पुण्याच्या जगण्याचा भाग आहे. तो तसाच राहावा. दर्जाने येते ती एक व्यवस्थापन योजना आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी समिती. जमिनीच्या वापरात बदल करायचा झाला तर आधी त्या योजनेला तोंड द्यावे लागते. मला हवे आहे ते एवढेच.

पाण्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण हा धोका अजून कोणी बोलत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली आणि वस्त्यांत पाणी शिरले, ते आपणा सर्वांच्या लक्षात असेल. गळती आणि असे धोके टाळण्यासाठी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी नेण्याची योजना आहे. पाण्याची बचत होणार असेल तर ती योजना व्हायलाच हवी. पुढच्या शेतकऱ्यांचे पाणी वाटेत झिरपून जाणे काही बरे नाही. परंतु उघडा कालवा वाहायचा थांबला की शहरातल्या कालव्याकाठची सगळी झाडे पिढ्यान्‌पिढ्या ज्या ओलीवर वाढली ती ओल संपेल. मोठे झाड लगेच मरत नाही. पहिली दोन-तीन वर्षे शेंडे वाळतात, मग फांद्या, मग पावसाळ्याच्या एखाद्या वाऱ्यात ते कोसळते आणि आपण वाऱ्याला दोष देतो. म्हणून बोगद्याचे काम पूर्ण होण्याआधी या बागेच्या पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे: आज किती पाणी कुठून येते, विहिरींची उन्हाळ्यातली पातळी काय, भूजल किती खाली जाते, प्रक्रिया केलेले सांडपाणी मुळांना चालेल अशा दर्जाचे मिळू शकते का. हे जलसंपदा खात्याला विचारण्याचे काम मा. जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून झाले तर त्याला वजन येईल.

नोंदीचे काम कसे व्हावे याबद्दल माझी मते स्पष्ट आहेत. महापालिकेची वृक्षगणना कायद्याने पाच वर्षांनी व्हायची असते, पण गणना म्हणजे ओळख नव्हे. इथे प्रत्येक जुन्या झाडाला क्रमांक, शास्त्रीय नाव, मराठी नाव, छातीच्या उंचीवरचा घेर, उंची, ढोल्या, त्यावर चढलेल्या वेली, मुळांभोवती किती जागा मोकळी आहे, एवढे लिहिले जावे. वयाबाबत घाई नको. आपल्या हवेत वडासारख्या झाडाच्या खोडात भरवशाची वार्षिक वलये मिळत नाहीत, त्यामुळे अंदाजाने '२०० वर्षांचा वृक्ष' अशी पाटी लावू नये. वय कागदांतून शोधावे लागेल: संस्थेचे जुने अहवाल, रोपांच्या खरेदीची बिले, प्रदर्शनांच्या पुस्तिका, लष्कराचे नकाशे, घराघरांतल्या अल्बममधली छायाचित्रे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. तज्ज्ञ शोधायला शहराबाहेर जावे लागणार नाही.

आणि माळी. कोणते झाड कधी फुलते, कोणत्या वडाला गेल्या दहा वर्षांत फळे कमी झाली, कोणत्या खोडावर पावसाळ्यात अळंबी येते, हे त्यांना तोंडपाठ असते. अळंबी येणे ही आतून लाकूड कुजत असल्याची खूण, आणि ती यंत्राआधी माळ्याला दिसते. अशा माणसांची निवृत्ती झाली की ती माहिती त्यांच्याबरोबर घरी जाते. नोंदवहीत त्यांचे म्हणणे त्यांच्या नावानिशी, त्यांच्या शब्दांत उतरवावे आणि या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्यावा. लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना मुळात अशाच ज्ञानासाठी आहे.

छाटणीबद्दलही योजनेत लिहिलेले असावे. शहरातल्या अनेक ठिकाणी पावसाळ्याच्या तोंडावर झाडाच्या एकाच बाजूच्या फांद्या कापतात, तोल जातो आणि धोका वाढतो. खोडाला दिव्यांच्या माळा खिळ्यांनी ठोकतात, बुंध्यापर्यंत फरशी घालतात. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटविना ठेवायला सांगितले होते. मोठ्या वडाला एक मीटर म्हणजे काहीच नाही. त्याची अन्न घेणारी मुळे फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत जातात. या बागेत निदान पानांच्या सावलीइतकी जमीन मोकळी, पालापाचोळ्याने झाकलेली राहावी आणि पाचोळा जाळला जाऊ नये.

माझी विनंती अशी आहे. मंडळाने तीन महिन्यांत बागेची पाहणी करावी. कायद्याप्रमाणे स्थानिक संस्थांशी सल्लामसलत सुरू करावी. नोंदीचा आराखडा मराठीत प्रसिद्ध करून त्यावर हरकती आणि सूचना मागवाव्यात. शाळा, महाविद्यालये आणि आमच्यासारखे आजूबाजूचे रहिवासी घेर मोजायला, फुलोऱ्याच्या तारखा टिपायला आनंदाने येतील. येत्या जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात एक मंडप या कामासाठी द्यावा, म्हणजे ज्यांच्याकडे बागेची जुनी छायाचित्रे आणि कागद आहेत त्यांना ते तिथेच दाखवून प्रती देता येतील. आणि प्रस्तावाबाबत मंडळाचा निर्णय काहीही असो, तो कारणांसह लेखी कळवावा.

आपली,
वानवडीतील एक निवृत्त विज्ञान शिक्षिका